वरची बाजू कुठली?

फ्रेमवाल्याने विचारू नये असा प्रश्न
मी रवनीतला दरवेळी विचारतो.
गणपती, डिग्र्या, वारलेल्यांचे फोटो,
यांचं डोकं कुठे ते कळतं.
हिच्या चित्रांचं कळत नाही.

यंदाचा कॅनव्हास पाच बाय सात.
अँटॉप हिलच्या गाळ्यातून टेम्पोत उभा बांधून आणला,
सायनच्या सिग्नलला हवालदार म्हणाला,
सतरंजी केवढ्याला पडली?

हळद. लांबून नुसती हळद.
जवळ गेलो तर हळदीत चौकटी, चौकटीत चौकटी,
काही उजळ, काही मावळलेल्या.
किती पिवळे वापरलेस गं?
एकच, ती म्हणाली. ब्रश कधी आडवा ओढला, कधी उभा.
बाकीचं उजेड करतो.

आणि एका कोपऱ्यात
(खालच्या उजव्या, किंवा वरच्या डाव्या,
म्हणून तर विचारत होतो)
नखाएवढा जांभळा डाग.
सांडलं असेल म्हणून मी टर्पेंटाइनचा बोळा उचलला.
ती ओरडली नाही.
माझं मनगट तेवढं धरलं.
तुमच्यात बाळाच्या गालाला लावतात ते काय?
तीट.
हां, तीट आहे ती.

मग पिशवीतून तिने बाग काढला.
बाग म्हणजे झाडांचा नाही,
खादीवर रेशीम, इतकं दाट की खादी दिसेना.
तिच्या आईच्या आजीचा, बिशन कौरचा.
रावळपिंडीकडून निघताना त्यात पितळेचे दोन पेले गुंडाळले होते,
पेले वाटेत गेले, गुंडाळी पोचली.
कोळीवाड्याच्या बराकीत एका खोलीत दोन बिऱ्हाडं,
मध्ये भिंत नाही,
तर हाच दोरीवर टाकला.

सुईचं काम पुढून एक, मागून एक.
एका बिऱ्हाडाला फुलं दिसायची,
दुसऱ्याला नुसते ठिपके.
मग?
मग काय, दर रविवारी पडदा उलटा करायचे.
भांडणं पाण्यावरून झाली, संडासावरून झाली,
रविवार मात्र कुणी चुकवला नाही.

माझी बायको दुकानाच्या पुढच्या भागात फॉल-पिको करते.
चित्राकडे ती कधी बघत नाही, म्हणते तुमचा धंदा तुम्ही बघा.
बागाचा शब्द ऐकून मशीन थांबवून आली,
हात पुसले, कापड पालथं घातलं,
आणि चष्मा कपाळावर सरकवून
धाग्यांवरून बोट चालवत राहिली, ओठ हलत होते.
हे सगळं पाठीमागून भरलंय, म्हणाली.
तोंड न बघता. नुसतं मोजून.
फुलं पलीकडे उमलतायत
आणि बाई अलीकडे बसून आकडे म्हणतेय.
एक ठिकाणी चुकलीय बघ, चाराऐवजी पाच सोडलेत,
कुणीतरी हाक मारली असणार.

रवनीत बराच वेळ त्या पाचव्या धाग्याकडे बघत होती.
मला कधीच दिसला नाही, म्हणाली,
आणि मी तीन वर्षं हाच बाग रंगवतेय.

दुपारी बराकींचा विषय निघाला. आता तिथे पत्रे ठोकलेत,
आत क्रेन आहे, बाहेर टॉवरचं चित्र,
त्याची वरची बाजू कुठली ते मात्र
कुणीही सांगेल.

सागवानी पट्टी लावली, पॉलिश नको म्हणाली.
मागे मी नेहमी हार्डबोर्ड ठोकतो, धूळ जाऊ नये म्हणून.
या वेळी नाही ठोकला.
तेल कॅनव्हासमधून पाझरलं होतं,
मागे सगळे ठिपके.
आणि कड्या लावताना चारही पट्ट्यांना लावल्या,
वर, खाली, दोन्ही बाजूंना.

बिलात दोनच कड्या धरल्यात.
टेम्पोवाला विचारत होता कुठून धरू,
बायको आतून म्हणाली,
कुठूनही धर, रविवारी फिरवायचंच आहे.